राणीची विहीर

अहमदाबादेस लेकीकडे आलेल्या आजी एका सकाळी नातवासह मेहसाणामार्गे पाटणला जाणाऱ्या गाडीत बसल्या. पर्समध्ये घडी न मोडलेली शंभराची जांभळी नोट होती. 2018 साली ही नोट निघाली, तेव्हा बँकेत रोखपाल असलेल्या आजोबांनी तिच्या मागील बाजूचे चित्र दाखवून म्हटले होते, "निवृत्त झालो की ही विहीर पाहू." ते राहूनच गेले.

सोळंकी राजांची राजधानी, हेमचंद्राचार्यांची कर्मभूमी असलेले पाटण आज शांत आहे. पहिल्या भीमदेवाच्या स्मरणार्थ राणी उदयमतीने अकराव्या शतकात ही 'वाव' बांधविली. सरस्वतीच्या पुराच्या गाळाखाली ती शतकानुशतके झाकलेली होती. पुरातत्त्व खात्याने ती मोकळी केली. 2014 मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला.

आजी सावकाश पायऱ्या उतरल्या. दोन्ही बाजूंच्या शिल्पांकडे पाहत त्यांनी विचारले, "नवऱ्यासाठी बांधली ना रे?"

"हो, आजी."

त्यांनी नोट काढली, आजोबा धरीत तशी उजेडासमोर धरली आणि चित्र समोरच्या स्तंभांशी ताडून पाहिले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. नोट पुन्हा जपून पर्समध्ये गेली.