अडलेले भाषण

सभेत बोलण्याचा सराव व्हावा म्हणून कॅलिफोर्नियातील सांता अ‍ॅना येथे १९२४ साली राल्फ स्मेडली यांनी ‘टोस्टमास्टर्स’चे पहिले मंडळ स्थापन केले. त्याच रीतीची एक सायंसभा पुण्यात भरली आहे. पुण्याला व्याख्यानांचे वेड जुनेच. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने येथे १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. मात्र तेथे श्रोता शिकतो, येथे वक्ता.

समोर दिवे आहेत : पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला तांबडा. वक्त्याच्या तोंडून निसटणारे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ एक सभासद वहीत टिपतो.

एक निवृत्त गृहस्थ उभे राहतात. नोकरीत त्यांनी जन्मभर टिपणे लिहिली. सभेत ती वाचली वरिष्ठांनी. आज विषय साधा आहे : घरातला झोपाळा. त्यावर बसणाऱ्या पत्नीपर्यंत ते येतात आणि अडतात. पिवळा दिवा लागतो. कोणी हसत नाही, कोणी शब्द पुरवीत नाही. तांबडा लागण्यापूर्वी ते एवढेच म्हणतात, ‘‘आता तो हलत नाही,’’ आणि खाली बसतात.

अखेरीस दोषांची गणना वाचली जाते. गृहस्थांच्या नावापुढे शून्य आहे. न बोललेल्या मिनिटासाठी वहीत रकाना नाही. अस्खलितपणालाच वक्तृत्व मानण्याचा प्रघात आहे. या संध्याकाळी मात्र बोलणे साधले ते ऐकणाऱ्यांनी धीर धरला म्हणून.