दारं मोडताना

रात्री उसाला दारं धरणाऱ्याला नाव घ्यायला वेळ भरपूर मिळतो. तरी त्याचं अध्यात्म त्या नामात नसतं, दारं मोडून पाणी पुढच्या सरीला कधी वळवायचं या निर्णयात असतं, असं मला वाटतं. सरीत पाणी सोडलं की ते शेवटाला जाईपर्यंत थांबायचं. लवकर मोडलं तर टोकाचा ऊस तहानलेला राहतो, उशीर झाला तर वरंबा फुटतो आणि खत मुळांखाली वाहून जातं. काळ्या रानात पाणी रेंगाळतं, मुरमाडात जागीच जिरतं, म्हणून घड्याळाचा उपयोग नाही. टोकाला उभं राहायचं आणि तळव्याला गार लागलं की माघारी फिरायचं. (यात रम्य काही नाही, साप असतो, विंचू असतो आणि लाइट कधी जाईल त्याचा नेम नसतो.) ‘पुरे’ म्हणायला शिकवणारं इतकं रोखठोक काम दुसरं नसेल.

पण हे ‘पुरे’ स्वतःच्या बांधाशी संपत नाही. नीरा डावा कालवा 1885 पासून आमच्याकडची रानं भिजवतोय. बारामती ओलांडून तो इंदापूरच्या रानांत शिरतो. ‘टेल’, म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, हा शब्द इथे घरचाच झालाय. वर कुणी घटकाभर जास्त धरलं की टेलच्या चारीत नुसती धूळ, आणि वरच्यानं तो टेलवाला कधी पाहिलेलाही नसतो. कुणी म्हणेल, ही व्यवस्थेची बाब आहे, तिला अध्यात्म कशाला म्हणायचं? शेजपाळी, म्हणजे प्रत्येकाची पाण्याची पाळी, ठरलेली असते, हे खरंच. पण नियमाची नजर चारीच्या तोंडापर्यंत जाते. आत, उसात, मध्यरात्री कुणी बघत नसतं.

कामालाच पूजा मानणं इथे नवं नाही. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरकडे निघते, तेव्हा काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्या पालखीभोवती रिंगण धावतात. ज्याचा जो धंदा, तोच तो देवापुढे मांडतो. अरणचे सावता माळी पंढरी जवळ असूनही मळ्यातच रमले, असं परंपरा सांगते. यावरचा आक्षेप मात्र जड आहे: जातीनं गळ्यात बांधलेल्या कामाला पूजा म्हणणं म्हणजे माणसाला त्याच कामात डांबणं नव्हे का? बीडहून आलेल्या ऊसतोड मजुराला, तुझा कोयता हीच भक्ती, असं बागायतदारानं सांगावं ही शुद्ध लबाडी होईल. माझ्या हातात खोरं आहे, मी दारं मोडू शकतो. आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत त्या मजुराला ‘पुरे’ म्हणायची मुभाच नाही. म्हणून कामात देव आहे की नाही हे ज्याचं त्यानं बोलावं, आणि तेही थांबण्याचा अधिकार हातात असेल तर.

ठिबकनं आता पाणी वाचतं आणि रात्रही वाचते. ठिबकला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. बांधावर पाण्याची वाट बघत बसण्याचा निवांतपणा तेवढा गेला. तो काम आणि विसावा यांच्या मधला होता, आणि त्याला वेगळं नाव नव्हतं. वाचलेली रात्र घरी जाते. घरालाही टेल असतोच: सगळ्यांना वाढून झाल्यावर टोपल्यात उरेल त्या भाकरीवर जेवणारी बाई. सरीच्या शेवटाकडे रात्रभर डोळे लावून बसणाऱ्याला तो शेवट सहसा दिसत नाही, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा वरंबा नेमका तिथेच फुटतो.