शाकारणी

मे महिना लागला की अष्टागरातल्या घरांच्या छपरांवर माणसं दिसू लागतात. रेवदंडा, चौल, नागाव, अक्षी, तिकडे किहीम, आवास, सासवणे. कुठल्याही वाडीत शिरा, माडांच्या सावलीत एखादं कौलारू घर अर्धं उघडं पडलेलं असतं. वाशांवर एकजण उकिडवा बसलेला, खाली अंगणात कौलांच्या रांगा लावलेल्या. वरचा एकेक कौल खाली देतो. खालचा सोडणाने घासून त्यावरचं शेवाळ काढतो आणि बोटाच्या पेराने टिचकी मारून कान देतो. खणखणीत वाजलं तर कौल पुन्हा वर जातं. बद्द वाजलं तर त्याला डोळ्यांना न दिसणारी चीर आहे, ते कुंपणाकडे. हीच शाकारणी.

हे कान देणं मला सासूबाईंनी शिकवलं. लग्न होऊन या चौपाखी घरात आले तेव्हा छप्पर म्हणजे डोक्यावर असलेली एक गोष्ट, एवढंच मला ठाऊक होतं. त्यांना मात्र पावसाच्या पहिल्या सरीत, माजघरात बसल्या जागी कळायचं, की पडवीच्या कोनवाशाजवळ पाणी झिरपतंय. आता हे घर माझ्या हाती आहे. कौलं चाळून घ्यायची, रिपा तपासायच्या, वाळवीचे माग शोधायचे, पन्हळी साफ करायच्या, विहिरीतला गाळ काढायचा, पश्चिमेच्या पडवीला माडाची झापं बांधायची म्हणजे झडीचा पाऊस भिंतीवर येत नाही. लाकूडफाटा पडवीत, सुके बोंबील आणि सोडे डब्यांत, कडवे वाल राख लावून मडक्यात, पांढऱ्या कांद्याच्या माळी वाशाला. या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळवण्यासारखंच होतं. पण तो कांदा टिकतो तो वाऱ्यावर, आणि वारा मिळतो तो श्वास घेणाऱ्या छपराखाली. या सगळ्या तयारीला आमच्याकडे आगोट म्हणतात, आणि आगोटीशिवाय पावसाळ्याला सामोरं जायची कुणाची छाती नसते.

मंगळुरी कौल ही विलक्षण बुद्धीची वस्तू आहे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधी आमच्याकडे कुंभाराने घडवलेली नळीची कौलं होती. मंगळुरी कौलाला पाठीमागे टाच असते, ती रिपेवर अडकते; कडेला खाच असते, तीत शेजारच्या कौलाची कड बसते. खिळा नाही, चुना नाही. प्रत्येक कौल आपल्या वजनावर आणि शेजारणीच्या आधारावर बसलेलं असतं. म्हणून एक फुटलं तर एकच बदलता येतं. चुलीचा धूर फटींतून निघून जातो, दुपारची गरम हवा वर उठून बाहेर पडते. मात्र असं छप्पर एकदा घातलं की झालं, असं नसतं. माकडं उड्या मारतात, माडाच्या झावळ्या पडतात, वारा सरकवतो. दरवर्षी कुणीतरी वर चढावंच लागतं. ज्या घरावर चार वर्षं कुणी चढलं नाही, त्याचा वासा कुजतो. वाशापाठोपाठ तुळई, तुळईपाठोपाठ भिंत.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग असलेल्या त्या वाऱ्याने मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरपर्यंत घरांची कौलं पालापाचोळ्यासारखी उडवली, शाळांची छपरं नेली, विजेचे खांब आडवे केले. आम्ही माजघरात, जाड भिंतीला पाठ लावून बसलो होतो. संध्याकाळी बाहेर आलो तर अंगणात लाल चुरा होता आणि वाडीत उभं झाड शोधावं लागत होतं. घराचं छप्पर पैसे घालून महिन्याभरात होतं. माड धरायला सहा-सात वर्षं लागतात, पोफळीलाही तितकीच. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या बागा एका दुपारीत भुईसपाट झाल्या. त्या बागा लावणारे हात केव्हाच गेले होते.

सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली. पण आमच्या वाड्या हेक्टरात मोजल्या जात नाहीत. दहा गुंठ्यांत माड, पोफळी, केळी, जायफळ आणि मिरीचे वेल असं चार मजली रान असतं. हेक्टरी हिशेबाने दहा गुंठेवाल्याच्या पदरात काय पडणार? लोक हे सांगत राहिले तेव्हा झाडामागे मदत ठरली: माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. रक्कम तुटपुंजी आहे, तरी झाड मोजलं गेलं याचं मला मोल वाटतं. या किनाऱ्यावर संसार झाडांच्या संख्येवर चालतो, हे निदान एका कागदावर आलं.

त्या पावसाळ्याआधी कौलं मिळेनात, ती बसवणारे हात मिळेनात, आणि गावंच्या गावं पत्र्यांखाली गेली. मी त्यांना दोष देत नाही. डोक्यावर पाऊस उभा असताना माणूस हाताला लागेल ते पांघरतो. पण नंतरच्या उन्हाळ्यांत त्या घरांत दुपारी बसवत नाही. म्हातारी माणसं बारापासून चारपर्यंत आंब्याखाली खाट टाकतात. पत्रा खारं वारं सोसत नाही. स्क्रूच्या भोवतीचा गंज आधी वर्तुळासारखा दिसतो, मग तिथे भोक पडतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर लोखंड आणि माणूस यांचं कधीच जमलेलं नाही. म्हणून जुन्या सुतारांनी इथे दारांना पितळी बिजागऱ्या लावल्या, सांधे लाकडी खुंट्यांनी आवळले आणि वाशांना काजूच्या टरफलांचं तेल दिलं.

अलिबागेत एक वास्तू लोखंडावाचून उभी आहे, तिचं कारण मात्र वेगळं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदींना धक्का पोचणार होता. म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागच्या किनाऱ्यावर आणलं गेलं आणि पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या उपकरणांसाठी लोखंड टाळून इमारत बांधली गेली. तिथल्या नोंदी आजही चालू आहेत. शंभराहून अधिक वर्षं दररोज एकच मोजमाप नीट घेत राहणं, ही मला या जिल्ह्यातली फार मोठी कर्तबगारी वाटते. समोर समुद्रात कुलाबा किल्ला आहे. त्याच्या तटाचे अवजड चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट फटींत शिरते, तिचा जोर तिथेच विखुरतो, ती परत जाते. पाण्याला वाट ठेवली की पाणी भिंत पाडत नाही, हे ज्यांना कळलं होतं त्यांनी हा तट रचला.

हेच शहाणपण घराच्या भिंतीतही होतं. आमच्या जुन्या भिंती मातीच्या जोडणीच्या, वर चुन्याचा गिलावा. पावसाळाभर भिंत ओल पिते आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला की ओल आत अडकते, मीठ पापुद्र्यासारखं फुगतं आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात. वाडीतल्या कितीतरी जणांनी मजबुतीसाठी म्हणून हा खर्च केला आणि भिंती आतून भुसभुशीत करून घेतल्या. स्लॅबचंही तेच. पुळणीवरची किंवा खाडीची वाळू न धुता काँक्रीटमध्ये गेली तर तिच्यातल्या मिठाने आतली सळी गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. किनाऱ्यावर घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हे पायाभरणीच्या आधी कुणीतरी बसवून सांगायला हवं.

आगोटीचं पंचांगही आता हललं आहे. पूर्वी मृगाच्या आधी आठ दिवस छप्पर बंद झालं की गडी निश्चिंत असत. २०२५ साली मे महिन्यातच पाऊस लागला आणि २६ मे रोजी मोसमी वारे मुंबईत पोचले. तिथे इतक्या लवकर ते येण्याची आधीची नोंद २९ मेची होती. त्या आठवड्यात आमच्याकडे निम्मी घरं उघडी होती. अंगणातली कौलं भिजली, वाळत घातलेली आमसुलं भिजली, भाताचा पेंढा भिजला. ताडपत्रीसाठी पळापळ झाली. तापत्या अरबी समुद्राविषयी शास्त्रज्ञ जे सांगतात, ते आम्हाला वाशांवर उभं राहून कळतं. त्याचा सरळ अर्थ एवढाच, की छप्पर आता एप्रिलात उतरवायला हवं, आणि गड्यांनी ते सांगायच्या आधी आपण त्यांना बोलवायला हवं.

गडी मात्र कमी होत चालले आहेत. आमच्याकडे येणारे सुतारमामा म्हणतात, "वहिनी, माझ्यानंतर ह्या वाशांवर कोण चढणार, ते तेवढं बघून ठेवा." त्यांचा मुलगा बंगल्यांच्या साइटवर काम करतो, रोज चांगला मिळतो, वर्षभर मिळतो. त्याने तिकडे जाणं योग्यच आहे. बंगले वाढताहेत. २०२० च्या मार्चात भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतूचं उद्घाटन झालं. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावरच्या खाडीपुलांची कामं चालू आहेत. मुंबई जवळ आली, दवाखाना जवळ आला, मुलं शनिवारी घरी येऊ लागली, याचा आनंद मला मनापासून आहे. पण जमिनीला आलेल्या भावाने एक गोष्ट बिघडवली, ती उघड बोलायला हवी. आमच्या वाड्यांमधून पावसाचं पाणी ठरलेल्या वाटांनी समुद्राकडे जात होतं; एकाच्या पाटातून दुसऱ्याच्या दांडात, तिथून वहाळात. त्या वाटांवर आता उंच दगडी कुंपणं आली आहेत. जुलैत पाणी वळतं आणि शेजाऱ्याच्या ओटीवर चढतं. उन्हाळ्यात खोल बोअरवेल गोडं पाणी उपसतात आणि जवळच्या विहिरी मचूळ होतात. एकट्याने आपलं छप्पर कितीही राखलं, तरी पाणी गावाचं असतं.

आणि गावाची शाकारणी कशी करायची, हे इथल्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. धरमतर खाडीच्या काठाने अलिबाग-पेणची हजारो एकर भातशेती भरतीच्या पातळीखाली आहे. चिखल-मातीच्या खारबांधांनी समुद्र बाहेर थोपवून, उघाड्यांमधून पावसाचं पाणी ओहोटीला सोडून ती पिकवली गेली. बांधाची काळजी वाहायला जोळ होता. ज्याची जमीन त्या बांधाखाली, त्याने आपल्या वाट्याचे दिवस बांधावर राबायचं. चिंबोरीचं बीळ दिसलं की त्याच ओहोटीला चिखलाने बुजवायचं, कारण बिळाची खांड व्हायला एक उधाण पुरतं. पुढे १९४८ चा खार जमिनींचा कायदा आला, १९७९ मध्ये नवा कायदा आला, बांध सरकारी झाले. खर्चाची ताकद वाढली हे खरं. पण रोज बांधावरून चालणारी माणसं गेली. बीळ पाहणारा एक, अर्ज करणारा दुसरा, मंजुरी देणारा तिसरा. तोवर खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं, दोन वर्षांत तिथे कांदळवन उगवतं आणि मग कायद्यानेच त्याला हात लावता येत नाही. कांदळवन किनाऱ्याचं रक्षण करतं, ते राहायलाच हवं. पण एका वेळच्या चिखलाने वाचलं असतं असं भातशेत त्याच्याखाली जाऊ नये.

मला म्हणायचं आहे ते हेच. पूल बांधले जातात तेव्हा समारंभ होतो आणि व्हावा. पण राखणीला समारंभ नसतो, म्हणून तिला तारीख नसते आणि तारीख नाही म्हणून पैसे नसतात. निसर्ग वादळानंतर अलिबाग शहरात भूमिगत वीजवाहिन्या टाकायचं काम झालं, चांगलं झालं. आता खेड्यातल्या तारांवरच्या फांद्या दर एप्रिलात कोण छाटणार? उघाडीचं दार कोण उचलून पाहणार? शाळेच्या छपरावर कोण चढणार? घरात ही कामं बायका ठरवतात, मापून वाटतात आणि वेळेत करून घेतात. तीच रीत गावाला लावणं अवघड नाही.

१ मेला आपल्याकडे ग्रामसभा असते, ऐन आगोटीत. त्या सभेत एक यादी वाचली जावी: बांध, उघाड्या, वहाळ, सार्वजनिक विहिरी, शाळा, समाजमंदिर, विजेच्या तारा. प्रत्येकापुढे काम, करणाऱ्याचं नाव, रक्कम आणि १५ मेच्या आतली तारीख. ती यादी पंचायतीच्या फळ्यावर लागावी आणि झालेल्या कामावर गावातल्याच कुणीतरी जाऊन पाहून खूण करावी. कौल वाजवून घेणाऱ्या बायका प्रत्येक आळीत आहेत. पाहणीचं काम त्यांच्याकडे द्या. येत्या १ मेला हा ठराव मी मांडणार आहे, आणि आळीतल्या बाकीच्याजणी सोबत उभ्या राहणार आहेत.