डॉलिस हिलचा चढ

लंडनच्या महाराष्ट्र मंडळात जायचं असलं की मी ट्यूबने डॉलिस हिलला उतरतो आणि ग्लॅडस्टन पार्कमधून चालत वर जातो. बागेच्या मधून मालगाड्यांचा रूळ जातो. त्यावरचा पूल ओलांडला की चढ सुरू. माथ्यावर पोचून मी पश्चिमेकडे बघतो. वेम्बलीचे जुने जुळे मनोरे २००३ मध्ये पाडले. आता तिथे नव्या स्टेडियमची कमान दिसते.

नव्वदच्या दशकात मी आलो तेव्हा या माथ्यावर डॉलिस हिल हाऊस उभं होतं. १८२५ चं घर. लॉर्ड अबर्डीन यांचे पाहुणे म्हणून पंतप्रधान ग्लॅडस्टन इथे विसाव्याला येत. १९०० चा उन्हाळा मार्क ट्वेनने इथे काढला आणि स्वर्गाच्या इतकं जवळचं घर आपल्याला कधी लाभलं नाही, अशा अर्थाचं लिहून ठेवलं. तेव्हा भोवती कुरणं होती, लंडन अजून या टेकडीवर चढलं नव्हतं. १९०१ मध्ये बाग सर्वांसाठी खुली झाली, १९०९ मध्ये स्टेशन आलं आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बाहेर पोट काढलेल्या खिडक्यांची जोडघरं उतारभर पसरली.

माझ्या डोळ्यांदेखत त्या घराला आगी लागल्या, खिडक्या फळ्यांनी बंद झाल्या. वाचवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं झटले. २०१२ मध्ये ते पाडलं. त्याची हळहळ अजून जात नाही.

बागेच्या उत्तरेला पोस्ट खात्याचं संशोधन केंद्र होतं. मला या टेकडीचं सगळ्यात अप्रूप वाटतं ते इथे. फोनवर वेळ सांगणारं ब्रिटनचं घड्याळ इथलं, १९३६ चं. टॉमी फ्लॉवर्स हा गवंड्याचा मुलगा. त्याने आपल्या सहकाऱ्यांसह १९४३ मध्ये इथेच ‘कोलोसस’ उभा केला. सुमारे १६०० व्हॉल्व्हचं ते यंत्र ब्लेचली पार्कला गेलं आणि जर्मन सेनाधिकाऱ्यांचे सांकेतिक संदेश उलगडायच्या कामाला लागलं. इतक्या व्हॉल्व्हचं यंत्र टिकायचं नाही, असं जाणकार म्हणत होते. फ्लॉवर्सला मात्र टेलिफोनच्या कामातून ठाऊक होतं, की व्हॉल्व्ह सतत चालू ठेवले तर ते सहसा बिघडत नाहीत. युद्धानंतर त्याला हे तीस वर्षं कुणाला सांगता आलं नाही. शेजारच्या जोडघरांतल्या माणसांनी रोज त्या इमारतीवरून ये-जा केली असेल, पण आत काय घडलं ते त्यांना कळलं नाही.

आता त्या इमारतीत फ्लॅट आहेत. जवळच्या एका गल्लीला फ्लॉवर्सचं नाव दिलंय. तिथल्या जमिनीखाली युद्धकाळातलं मंत्रिमंडळाचं राखीव ठाणं आहे, ‘पॅडॉक’. चर्चिलच्या युद्ध मंत्रिमंडळाची ३ ऑक्टोबर १९४० ला तिथे बैठक झाली होती. वर आता घरं आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात.

१९३२ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या मंडळाची वास्तूही याच टेकडीवर, डॉलिस हिल लेनवर. गेल्या गणपतीत आरतीआधी मुलीला बागेत नेलं. ‘‘बाबा, घर नेमकं कुठे होतं?’’ तिने विचारलं. मी आठवणीने दारापाशी जाऊन उभा राहिलो, तिथून भिंतीच्या कडेने पावलं टाकत कोपऱ्यापर्यंत गेलो. ती मागून पावलं मोजत येत होती.