सहा आण्यांचा रुपया

जमाखर्चाची वही आणि क्रिकेटचा धावफलक यांत मला नेहमीच साम्य दिसत आले आहे. दोन्हींत बेरीज जुळली नाही, तर कुठेतरी एक नोंद सुटलेली असते. बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला असे वाटणे स्वाभाविकच. परंतु घरातील मुलांना ते पटवून देण्याचा योग आमच्या नेरूळच्या मैदानाने आणला.

३० ऑक्टोबर २०२५ रोजी डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे लक्ष्य पार केले. जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावा वाचकांच्या स्मरणात असतीलच. धावफलक सांगत होता : भारत ५ बाद ३४१, षटके ४८.३. आमच्या घरी चौविहार पाळला जात असल्याने जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपतात आणि पुढचा तासभर सारे दिवाणखान्यात असतात. दुसऱ्या दिवशी त्या वेळी मी सातवीतील नातीला विचारले, "किती चेंडू शिल्लक राहिले?" तिने मोबाईलवर ५० मधून ४८.३ वजा केले आणि सांगितले, "१.७ षटके." "म्हणजे एक षटक आणि सात चेंडू?" धाकट्या भावाने विचारले आणि ती थबकली. यंत्राने वजाबाकी चोख केली होती. पण ते टिंब दशांशाचे नाही, हे यंत्राला कोण सांगणार?

गाठ सोडविली ती माझ्या आईने. तिचे वय ८९. क्रिकेटशी तिचा संबंध नाही. मात्र १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत तिने दुकानात रुपये, आणे आणि पै यांचाच हिशेब पाहिलेला. षटकात सहा चेंडू असतात एवढे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे सहा आण्यांचा रुपया झाला की! पन्नास रुपयांतून अठ्ठेचाळीस रुपये तीन आणे गेले. एक रुपया मोडायचा. उरला एक रुपया तीन आणे." एक षटक तीन चेंडू, म्हणजे नऊ चेंडू. पुस्तकातील 'निरनिराळे पाये' हा धडा नातीला त्या संध्याकाळी एका वाक्यात कळला.

२ नोव्हेंबरचा अंतिम सामनाही येथेच झाला. भारत ७ बाद २९८, दक्षिण आफ्रिका सर्वबाद २४६. विजय ५२ धावांनी. पण आफ्रिकेला जिंकण्यासाठी आणखी ५३ हव्या होत्या. हा एक कुठून आला? वाशीच्या दाणाबाजारात गाळा असलेला माझा भाऊ म्हणाला, "बावन्न धावांत मुद्दल सुटले असते. त्रेपन्नावी नफ्याची." मी एम.कॉम. झालो खरा, पण याहून सोपे उत्तर मला देता आले नसते.

पुढचा प्रश्न सूनबाईंचा होता. आठ संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, तर एकूण सामने किती? मुले रेघा ओढू लागली. मी त्यांना नवव्या शतकातील महावीराचार्यांची रीत सांगितली. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' ग्रंथात निवडीचा सर्वसाधारण नियम दिला आहे : वर उतरते अंक गुणावे, खाली चढते अंक गुणावे आणि भागावे. आठ गुणिले सात, भागिले एक गुणिले दोन, उत्तर २८. दोन उपांत्य आणि एक अंतिम मिळून ३१, आणि स्पर्धेत सामने तेवढेच होते. त्याच नियमाने पंधरा खेळाडूंतून अकरांचा संघ १,३६५ प्रकारे निवडता येतो. आपल्याच परंपरेतील हा नियम मला वाणिज्य शाखेत कोणी महावीराचार्यांच्या नावाने शिकविला नाही, याचे आजही नवल वाटते.

एक गणित मात्र मी मुद्दाम घातले. संघ निवडून मोबाईलवर पैसे लावण्याचा नाद व्यापारी घरांतील मुलांनाही लागला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तरी महाविद्यालयात जाणारा माझा पुतण्या "ते कौशल्य होते" असे म्हणतच होता. द्यूत हे सप्तव्यसनांतील पहिले, हे त्याला पाठशाळेपासून पाठ आहे. पुन्हा ऐकवून उपयोग नव्हता. मी म्हटले, "पाच मित्रांनी वीस-वीस रुपये लावले, शंभर झाले. चालक प्रत्येक डावाला पंधरा टक्के कापतो. उरलेले पैसे पुन्हा लागतात. पाच डावांनंतर किती?" त्याने स्वतःच कागदावर उतरविले : ८५, ७२.२५, ६१.४१, ५२.२०, ४४.३७. चक्रवाढ व्याज आयुष्यभर वाढताना पाहिले होते. ते असे उलटे चालताना पाहून मीही क्षणभर गप्प झालो.

"पण सगळे मीच जिंकलो, तर विसाचे चव्वेचाळीस होतात," तो म्हणाला.

"आणि त्या चौघांचे?" आईने विचारले.

त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

आता वाचकांच्या घरासाठी एक. आमच्या सोसायटीच्या कॅरम स्पर्धेत ३७ नावे आली आहेत. हरला तो बाद. जोडी न मिळालेल्यास पुढील फेरीत चाल. विजेता ठरेपर्यंत सामने किती? कागद न घेता सांगावे, आणि प्रथम घरातील सर्वांत वडील व्यक्तीस विचारावे.