बाईंनी दिलेले कान

मिरजेच्या आमच्या बाईंनी मला गाणं किती शिकवलं, हे माझं गाणं ऐकून कुणी ठरवू नये. कान मात्र त्यांनीच दिले.

बाईंचा तंबोरा सतारमेकर गल्लीतला. शिकवणी सुरू व्हायची ती तो लावण्यापासून. पहिली तार पंचमाची, मग जोड, शेवटी खर्ज. जोडीच्या दोन तारा जवळ आल्या की आवाजात लाटा उठतात. आणखी जवळ आल्या की त्या लांबत जातात आणि विरतात. "विरली? नाही ना? मग खुंटी सोडू नकोस." नंतर मणी सरकवायचा, घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढेमागे करायचा. एका जागी तार अशी काही बोलू लागते की हात आपोआप थांबतो. खर्ज नीट लागला, की कुणीच न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो खर्जाच्या पाचपट कंपनांचा उपस्वर, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. बाईंनी तो नुसता ऐकवला होता.

षड्ज-पंचमाचं प्रमाण २:३, षड्ज-मध्यमाचं ३:४. भरतमुनींनी 'नाट्यशास्त्रा'त १३ आणि ९ श्रुतींच्या अंतरावरचे स्वर संवादी मानले, ते हेच. बाईंना आकड्यांचं सोयरसुतक नव्हतं. मालकंसाला पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार मध्यमावर उतरवली की एवढंच म्हणत, "खोलीच बदलली बघ!"

गाणं झालं की ज्ञानेश्वरी वाचायला लावत. मी प्रत्येक यमकावर जोर द्यायची. "तबला वाजवतेस का गं?" ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड, मोकळा. त्यांचं म्हणणं, तीनदा जुळलेलं कानात घुमतच असतं, चौथ्याला ते जाऊ द्यावं. मोरोपंतांना हे जाऊ देणं जमत नाही, असं त्यांचं ठाम मत. मला मोरोपंत आवडतात. तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

आज मी लोकांचे लेख तपासते. वाक्य मोठ्याने वाचते आणि एकाच वळणाची क्रियापदं लागोपाठ आदळली की लाल पेन उचलते. लेखक रागावतात, त्यांना काय सांगणार?

बाईंनी फी कधी वाढवली नाही. तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढायचा खर्च तेवढा मला करू दिला, आणि त्यातलेही उरलेले सुटे पैसे मोजून परत केले.