खरवड

धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत खाऊला वार असे. आठवडी बाजाराचा वार. त्या दिवशी दिवस कलला की पोरं वेशीपाशी जमत. बाजारकरी आधी बैलगाडीतून, पुढच्या काळात एसटीतून उतरत. पिशवीत खाली मीठ-मिरची, गोडं तेल, साबणाची वडी. आणि सगळ्यांत वर, दबू नये म्हणून जपून ठेवलेला वर्तमानपत्राचा पुडा. पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेला, तळाशी तेल पाझरलेला. आत शेव-चुरमुरे, कधी भजी, कधी जिलेबीची दोन-चार वेढी, आणि बहुतेक वेळा गोडीशेव. बेसनाची जाड शेव गुळाच्या पाकात घोळवलेली, वाळून पाक पांढुरका पडलेला. पुडा आजीच्या हाती जाई. ती वाटे घाली आणि जो अजून रानातून आलेला नाही त्याचा वाटा आधी बाजूला काढी. कागद टाकून दिला जाई, दोरा मात्र पोरं ठेवून घेत.

उरलेले सहा दिवस किराणा दुकानाच्या फळीवरच्या बरण्यांचे. लिमलेट, जिरागोळी, पेपरमिंट, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, चिंचगोळी, बोरकूट. बोटांत अंगठ्यांसारख्या घालून एकेक करत खायची पिवळी बॉबी. शाळेच्या फाटकाशी टोपली घेऊन बसलेल्या बाईकडं मीठ लावलेल्या चिंचा, बोरं, कवठाच्या फोडी. उन्हाळा लागला की सायकलच्या कॅरिअरला लाकडी पेटी बांधलेला माणूस ‘गारेगार’ अशी हाळी देत गल्लीतून जाई. काडीला गोठवलेलं लाल-केशरी सरबत, बाकी त्यात काही नसे. पण धाराशिवच्या मे महिन्यात तेवढं पुरे होतं. चोखून चोखून रंग आधी जिभेवर, मग ओठांवर, मग सदऱ्यावर येई.

पैसे क्वचितच असत. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि निजामाचं चलनही वेगळं होतं. हाली सिक्का. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातले रुपये. हैदराबाद संस्थान गेल्यावरही हाली नाणी १९५९ पर्यंत चालत राहिली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. म्हणजे पन्नाशीच्या दशकात इथल्या पोराच्या मुठीत हालीची चिल्लर, आणा किंवा नवा पैसा, काहीही असू शके आणि दुकानदाराला ते सगळं चाले. बहुतेक व्यवहार मात्र नाण्याविनाच होई. सुगीत घरातून ओंजळभर ज्वारी, शेंगा किंवा तूर नेली की दुकानदार ती तागडीत टाकी आणि बदल्यात गोळ्या मोजून देई. म्हातारीचे केस विकणाऱ्याला रिकामी बाटली चाले, मोडकं लोखंड चाले. त्यासाठी घरातला एखादा चालू अवस्थेतला नांगराचा खिळाही नाहीसा होई आणि मग संध्याकाळी त्याचा तपास लागे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून व्यवहारातून बाद झाली. चार आण्यांत काही मिळणं त्याआधीच थांबलं होतं.

विकत न मिळणारा खाऊ याहून मोठा होता. धाराशिवचं रान कोरडवाहू, बालाघाटच्या डोंगररांगेच्या अंगाखांद्यावर पसरलेलं. पण पोरासोरांना त्यानं कधी रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही. खरिपात शेतात वाळकं आणि शेंदाडं, पौषाच्या सुमारास शेकोटीवर हुरडा, हरभऱ्याचे डहाळे, बांधावरची बोरं, ओढ्याकाठची चिंच. आणि यांतला एक दिवस साऱ्या जिल्ह्याचा. वेळ अमावस्या, बोलीत येळवस. त्या दिवशी धाराशिव आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातली गावं ओस पडतात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते आणि शेतातच पंगती बसतात. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली आंबट-तिखट आंबील. ज्याला शेत नाही तोही कुणाच्या तरी शेतात हक्कानं जेवतो. या भागात वाढलेला माणूस मुंबईत असो की मस्कतमध्ये, मार्गशीर्ष अमावस्येला त्याचं मन कामावर नसतं.

होळीपासून गुढीपाडव्यापर्यंतचे दिवस साखरेच्या हारांचे. हलवाई साखरेचा पाक उकळत, दूध घालून त्याची मळी काढत आणि लाकडी साच्यांत दोरा ताणून त्यावर पाक ओतत. थंड झाला की साचा उघडून पांढरीशुभ्र गाठी निघे. मामा-आत्यांकडून भाच्यांच्या गळ्यात हार, मनगटात साखरेचं कडं. घालायचं की खायचं, हा प्रश्न दुपारपर्यंत टिके. उन्हात घामानं हार चिकट होई, गळ्याला मुंग्या लागत, आणि संध्याकाळी दोऱ्यावर तीनच पदकं उरलेली असत.

जत्रा हे खाऊचं दुसरं पंचांग. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा चैत्र पौर्णिमेला. दुसऱ्या दिवशी हजारो भाविक चुनखडीचे खडे वेचतात. नळदुर्गजवळ मैलारपूरच्या खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला. तिथला देव वर्षातला बहुतेक काळ अणदूरला आणि साधारण पावणेदोन महिने नळदुर्गला राहतो, त्यामुळं देव नळदुर्गला आला की दुकानंही येतात. धाराशिव शहरात ख्वाजा शमशोद्दीन गाजींचा उरूस. आणि तुळजापूर तर वर्षभराचं; कोजागरीच्या पौर्णिमेला सोलापूरहून पंचेचाळीस किलोमीटर चालत येणाऱ्यांची रांग रात्रभर तुटत नाही. या प्रत्येक ठिकाणी रेवडी, बत्तासे, गोडीशेव, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, पेढे यांचे ढीग लागत. जत्रेहून आलेला प्रसाद आळीतल्या प्रत्येक घरी पोचवावा लागे, आणि पोचवायला पोरंच जात. बत्तासा द्यायला गेलेलं पोर बत्तासा घेऊनच परते. कारण त्या घरचंही कुणीतरी जत्रेला गेलेलं असे.

जुन्या माणसांशी खाऊविषयी बोलायला बसलं की एक आठवण हमखास निघते, आणि ती ऐकणाऱ्याला गप्प करते. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी. मराठवाडा होरपळला होता. पाझर तलावांवर, नालाबंडिंगवर, खडी फोडायला बायाबापड्या जात आणि लहानग्यांना घेऊन जात. घरी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, घशाखाली न उतरणाऱ्या. आणि कामावर मिळे ती सुकडी. भाजलेलं पीठ आणि गूळ. आज साठी ओलांडलेली माणसं तिच्याविषयी अशा काही गोडीनं बोलतात की ती उपासमारीच्या वर्षातली मदत होती हे विसरायला होतं. आईनं स्वतःच्या वाट्याची सुकडी फडक्यात बांधून घरी आणली, हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. त्या वर्षी आईनं काय खाल्लं, हा प्रश्न पोराला फार पुढे पडलेला असतो.

कोरड्या मुलखानं खाऊ कसा घडवला, हे पाहायचं तर भूम तालुक्यात जावं लागतं. भूम, वाशी, कळंब या पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही, म्हणून दावणीला जनावरं. माळावर चरणाऱ्या म्हशींचं दूध दाट. पण ते पोचवायचं कुठे? रस्ते नव्हते, शहरं लांब, उन्हात दूध काही तासांत नासायचं. तेव्हा ते गावातच आटवायचं ठरलं. पाच लिटरच्या आसपास म्हशीचं दूध आटलं की किलोभर खवा होतो. दूध दुपारपर्यंत टिकत नाही, खवा मात्र बार्शी-सोलापूर-पुण्यापर्यंतचा प्रवास सोसतो. घरोघरी भट्ट्या लागल्या, खव्याचा व्यापार उभा राहिला. जवळच कुंथलगिरी, कुलभूषण-देशभूषण मुनींचं जैन सिद्धक्षेत्र. याच डोंगरावर १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. यात्रेकरू येत राहिले, जाताना पेढे नेत राहिले, आणि खव्याला-पेढ्याला कुंथलगिरीचं नाव कायमचं जोडलं गेलं. सोलापूर-धुळे रस्त्यावर सरमकुंडी फाट्याला गाड्या थांबतात त्या या पेढ्यासाठी.

भट्टीवरचं काम अंग मोडणारं. जमिनीलगत चूल, वर पसरट लोखंडी कढई, खाली लाकडाचा जाळ. दूध ओतलं की हात थांबवायचा नाही. थांबला तर तळाला लागतं, करपट वास साऱ्या घाण्याला येतो. उकळी फुटते, दूध चढतं, बसतं, दाट होतं, बुडबुड्यांचा आवाज जड होत जातो. शेवटी जाळ कमी करायचा आणि गोळा कढईच्या कडा सोडून मध्ये येईपर्यंत हलवत राहायचं. बायकांचे हात यात भाजून निघाले आहेत, धुरानं डोळे गेले आहेत. खव्याच्या गोडीत ही मेहनत पहिली आहे आणि तिचं नाव डब्यावर कुठं छापलेलं नसतं.

याच कढईत पोरांचा वाटा असे. खवा काढून घेतल्यावर तळाला आणि कडांना चिकटून राहते ती खरवड. तपकिरी, किंचित धुरकट, चिवट. विकण्यालायक नाही, म्हणून ती पोरांची. शाळेला जायच्या आधी पोरं कढईभोवती बसत, उलथन्यानं, नाहीतर नखांनीच ती खरवडून काढत. पेढा जत्रेचा, पाहुण्यांचा, बारशाचा, खरवड रोजची. दूध विकून संसार चालवणाऱ्या घरात लेकरांना घोटभर दूधही मोजून मिळे, तिथं ही खरवड मोजली जात नसे. भट्टीवाल्या घरांतून शिकून पुढे गेलेल्या माणसांना पेढ्याची चव विचारा, ते चांगली आहे म्हणतील. खरवडीविषयी विचारा, ते खुर्ची पुढे ओढून बसतील.

बाहेरचं गोडही या मुलखात आलंच. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि तिची अरुंद वाट येडशी, ढोकीवरून १९११ मध्ये लातूरला पोचली. माल गाडीनं येऊ लागला तसा शहरी कारखान्यांचा खाऊही दुकानांत आला. विलेपार्ल्याच्या पार्लेचा कारखाना १९२९ चा. तिथं आधी गोळ्याच बनत, बिस्किटं दहाएक वर्षांनी आली. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारला आणि १९४२ पासून तिथं गोळ्या बनू लागल्या. पान पसंद, मँगो मूड या रावळगावच्या गोळ्या मराठवाड्याच्या एसटी स्टँडांवर दोन पिढ्यांनी चघळल्या. चहात बुडवलेलं ग्लुकोज बिस्कीट आजारी लेकराचं पथ्य झालं. पार्लेचा तो मूळ कारखाना २०१६ मध्ये बंद पडला; रावळगावच्या गोळ्यांचा व्यवसाय २०२४ मध्ये २७ कोटी रुपयांना रिलायन्सकडे गेला. तेव्हा महाराष्ट्रभर लोक हळहळले, आणि ती हळहळ खरी होती. पण त्या गोळ्या यंत्रांच्या होत्या. मालक बदलला तरी यंत्र तीच गोळी पुन्हा पाडू शकतं. गोडीशेवेचा पाक कधी उतरवायचा हे मात्र हलवायाच्या बोटांना कळतं, आणि हलवायाचा मुलगा आता मोबाइलच्या दुकानात बसतो.

म्हणून धाराशिवच्या खाऊची आठवण काढणाऱ्यांनी हळहळीपाशी थांबू नये. हा खाऊ अजून पुरता गेलेला नाही. येरमाळ्याला आणि नळदुर्गला रेवडीची दुकानं लागतात. होळीला साखरेचे हार लागतात, जरी पोरं ते फोटोपुरते घालतात. कुंथलगिरीच्या खव्याला अलीकडच्या वर्षांत भौगोलिक मानांकन मिळालं आहे. लाकूडतोड आणि धूर टाळण्यासाठी भूम भागात सौरऊर्जेवर खवा आटवण्याचे प्रयोग झाले आहेत. ते वाढले तर भट्टीवरच्या बायकांचे डोळे वाचतील. दुसरीकडे सणासुदीला भेसळीच्या खव्याच्या बातम्या येतात, आणि त्याचा फटका चोख माल करणाऱ्यालाही बसतो. पाच लिटर दुधाचा हिशेब ज्याला माहीत आहे, त्यानं निम्म्या भावाचा खवा घेऊ नये, इतकं तरी गिऱ्हाइकाच्या हातात आहे. मूल जत्रेला नेलं तर पाळण्यानंतर त्याला गोडीशेवेच्या दुकानापुढे उभं करावं, आणि पुडा त्याच्याच हातानं घ्यायला लावावा.

दिवाळीच्या आधी पुण्यात-मुंबईत राहणारी इथली माणसं गावाकडे फोन लावतात. खवा पाठवा, म्हणतात. फाट्यावरचा दुकानदार पहिला प्रश्न वजनाचा करत नाही. खवा गुलाबजामला पाहिजे का पेढ्याला, हे तो विचारतो. कारण एकाला मऊ, ओलसर लागतो आणि दुसऱ्याला घट्ट, आणि चुकीचा खवा दिला तर सणाच्या दिवशी गुलाबजाम तेलात फुटतात. मग तो सांगतो, की परवाच्या रात्रीच्या गाडीनं मिळेल, ताजा पाहिजे तर एक दिवस थांबावं लागेल. आणि फोनवरची माणसं थांबतात.